पहिल्या गाडीच्या दोन तास आधी पोहोचा: हौशी मंडळींनी चालवलेली वाफेची नॅरोगेज रेल्वे कशी पाहावी

पहिली गाडी साडेदहाला सुटणार असेल, तर तुम्ही साडेआठला तिथे हजर राहा. या लेखातली एकच सूचना पाळायची ठरवलीत तर ही पाळा. बहुतेक प्रवासी गाडी सुटायच्या दहा मिनिटं आधी धावतपळत येतात, तिकीट काढतात, जाऊन येतात, दुकानातून एखादी आठवण म्हणून वस्तू घेतात आणि परततात. सफर त्यांनाही छानच होते. पण रात्रभर थंड पडलेल्या इंजिनात लाकडाच्या ढलप्यांपासून आग वाढवत वाफ चढवणं, त्याचा एकेक सांधा तेलाने भिजवणं, पितळ घासणं हा सगळा सोहळा त्यांच्या येण्याआधीच उरकलेला असतो. माझ्या मते दिवसाचा अर्धा आनंद तिथे असतो, आणि त्याला बहुधा वेगळं तिकीटही नसतं.

ही रेल्वे असते तरी कशी

दोन रुळांमधलं अंतर म्हणजे गेज. जगात सर्वाधिक वापरात असलेलं स्टँडर्ड गेज १४३५ मिलिमीटरचं. त्याहून अरुंद ते नॅरोगेज: कुठे ३ फूट, कुठे अडीच, कुठे २ फूट. रूळ जवळ असले की वळणं आवळून घेता येतात, डोंगर कमी फोडावा लागतो, पूल हलके चालतात. म्हणून खाणी, जंगलं, दुर्गम खोरी अशा ठिकाणी हे मार्ग टाकले गेले. पुढे ट्रक आले, खाणी थंडावल्या आणि बहुतेक मार्ग उखडले गेले. काही वाचले ते वेड्या माणसांमुळे.

त्या वेडाची सुरुवात वेल्समध्ये झाली. तिथली टॅलिलिन रेल्वे १८६० च्या दशकात पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी बांधलेली, २ फूट ३ इंच गेजची. १९५० साली तिचे मालक सर हेडन जोन्स वारले आणि गाशा गुंडाळायची वेळ आली. लेखक टॉम रोल्ट आणि त्यांच्या मित्रांनी बर्मिंगहॅमला सभा बोलावली, संस्था काढली आणि १४ मे १९५१ ला स्वयंसेवकांनी पहिली गाडी सोडली. तेव्हा चालतं इंजिन एकच उरलं होतं, १८६६ सालचं ‘डॉल्गॉख’. स्वयंसेवकांनी रेल्वे वाचवून चालवल्याचं जगातलं ते पहिलं उदाहरण. नंतर हे लोण पसरलं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या ‘पफिंग बिली’साठी १९५५ मध्ये संस्था उभी राहिली. स्वीडनमध्ये मारीफ्रेडला ६०० मिलिमीटरच्या मार्गासाठी १९५९ मध्ये लोक एकत्र आले. जर्मनीत ब्रुखहाउसेन-फिल्सेनला १९६६ पासून, स्वित्झर्लंडमध्ये ब्लोने-शाम्बी मार्गावर १९६८ पासून अशा गाड्या धावतात. अमेरिकेत मेन राज्यातल्या अल्ना गावी तर स्वयंसेवकांनी उखडलेल्या मार्गाच्या जागी २ फुटी रूळ पुन्हा टाकत नेले आहेत.

पहिल्यांदा जाणाऱ्याने लहान मार्ग निवडावा, जाऊन-येऊन तास-दीड तासाचा. कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवर धावणारी कम्ब्रेस अँड टॉल्टेक ६४ मैलांची आहे. तिथे जुन्या वस्तूंच्या डागडुजीचं काम स्वयंसेवकांची संस्था करते. पण पहिल्याच भेटीत दिवसभर गाडीत बसलात, तर शेड आणि कारखाना बघायला वेळ उरणार नाही.

वेळापत्रक ओळ न् ओळ वाचा

यातल्या बहुतेक रेल्वे रोज चालत नाहीत. कामाला माणसं मिळतात ती सुट्टीच्या दिवशी, त्यामुळे गाड्याही बहुतेक शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या हंगामात. वेळापत्रकात अनेकदा कॅलेंडरच्या तारखांना रंग दिलेले असतात आणि प्रत्येक रंगाचं वेळापत्रक वेगळं. तारीख बघून नुसता ‘आज गाडी आहे’ एवढा अर्थ काढू नका, त्या रंगाखाली किती फेऱ्या आहेत ते बघा.

दुसरं, त्या दिवशी इंजिन वाफेचंच आहे ना, याची खात्री करा. काही फेऱ्या डिझेलवर असतात. कडक उन्हाळ्यात गवत वाळलं की ठिणगीने वणवा लागायची भीती असते, तेव्हा वाफेचं इंजिन शेडमध्ये ठेवून डिझेल जोडतात. आदल्या दिवशी एक फोन केलात तर हिरमोड टळतो. फोन उचलणारा माणूसही बहुधा स्वयंसेवकच असतो आणि त्याला अशा प्रश्नाचा कंटाळा नसतो. त्याच फोनवर विचारून घ्या: शेड बघता येते का, सकाळी लवकर आलो तर कुठे थांबायचं, आणि घरचं कोणी वयस्कर किंवा चाकाच्या खुर्चीतलं असेल तर डब्यात चढायची काय सोय आहे. जुन्या डब्यांच्या पायऱ्या उंच आणि दारं अरुंद असतात, आधी कळवलं तर ही मंडळी खरोखर तजवीज करतात.

खास उत्सवाचे दिवस असतात, तेव्हा चार-पाच इंजिनं एकदम वाफेवर असतात, पाहुणी इंजिनंही येतात. दृश्य डोळ्यांचं पारणं फेडणारं. पण गर्दी इतकी की ड्रायव्हरशी दोन शब्द बोलता येत नाहीत. पहिली भेट साध्या दिवशी द्या.

काय घालायचं, काय न्यायचं

गडद रंगाचे सुती कपडे. इंजिनाच्या धुराड्यातून कोळशाचे बारीक कण उडतात, त्यातले काही अजून गरम असतात. माझ्या एका पातळ नायलॉनच्या जाकिटाला अशा कणाने मोहरीएवढं भोक पाडलं, तेव्हापासून मी सुती किंवा लोकरीचंच घालतो. पायात बंद बूट, कारण खडीवरून चालावं लागतं. डोळ्यांना साधा चष्मा किंवा गॉगल हवाच. डोळ्यात कण गेला तर चोळू नका, पाणी मारा. उघड्या डब्यात गार वारा लागतो, आणि मार्ग डोंगरातला असेल तर उन्हाळ्यातही स्वेटर लागतो. वर सांगितलेल्या कम्ब्रेसची खिंड १०,०१५ फुटांवर आहे. सोबत पाण्याची बाटली, थोडी रोख रक्कम आणि एक जुना रुमाल. बाकी काही लागत नाही.

साडेआठ ते साडेदहा: शेडपाशी

इथे घाई करू नका. आधी कोणाला तरी विचारा, ‘कुठे उभं राहिलेलं चालेल?’ यार्डात आपल्या मनाने शिरू नका. रूळ बंद दिसला तरी शंटिंगची, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवणारी, गाडी कधीही येते, आणि जमिनीत दुरुस्तीचे खड्डे असतात. विचारलंत की बहुतेक वेळा कोणीतरी स्वतःहून हाताशी घेतो.

लहान इंजिनालाही थंड अवस्थेतून वाफ चढायला तीन-चार तास लागतात, म्हणजे आग पहाटेच पेटलेली असते. पेटवण्याआधी फायरमन, म्हणजे भट्टीची आग सांभाळणारा, पहिल्यांदा बघतो ती पाण्याची काच. बॉयलरच्या मागच्या बाजूला उभी काचेची नळी असते, तिच्यात आत किती पाणी आहे ते दिसतं. भट्टीच्या छतावर पाणी असलंच पाहिजे. ते उघडं पडलं तर धातू तापून मऊ होतो आणि बॉयलर फुटू शकतो. त्यासाठी छतात एक शिशाचा बूच बसवलेला असतो, पाणी फार उतरलं तर तो वितळतो आणि वाफ भट्टीत सुटून धोक्याची सूचना देते. दिवसभरात त्या काचेकडे फायरमनची नजर किती वेळा जाते ते मोजून बघा, मोजता मोजता थकाल.

मग चिंध्या, लाकडं, त्यावर कोळसा. आग भराभर वाढवत नाहीत. बॉयलरचा प्रत्येक भाग सारखा तापून सावकाश फुगला पाहिजे, नाहीतर सांध्यांवर ताण येऊन गळती लागते. तुम्ही पोहोचाल तेव्हा दाबाचा काटा नुकता हलायला लागलेला असेल. थोड्या वेळाने धुराड्यातून सू-सू असा एकसुरी आवाज सुरू होईल. तो ब्लोअर. धुराड्याच्या तळाशी वाफेचा झोत सोडून आगीला ओढ दिली जाते. तो सुरू झाला की काटा झरझर चढतो.

याच वेळात ड्रायव्हर तेलाचा लांब चोचीचा डबा घेऊन इंजिनाभोवती फिरत असतो. जरा जवळून बघायला मिळालं तर नक्की बघा. चाकं फिरवणाऱ्या दांड्यांच्या टोकांना पितळेच्या छोट्या डब्या असतात. झाकण उघडलं की आत तारेला गुंडाळलेली लोकरीची वात दिसते. समईच्या वातीसारखीच ती तेल वर ओढते आणि थेंब थेंब खालच्या बेअरिंगवर सोडते. ड्रायव्हर प्रत्येक वात बोटाने चाचपतो, डबी भरतो, झाकण टिचकी मारून बसवतो आणि पुढच्या डबीकडे जातो. कुठेतरी वाकून, कुठेतरी चाकांच्या मधे शिरून. दीडशे वर्षांपूर्वीही हे असंच व्हायचं.

शेवटी इंजेक्टरची चाचणी. आँरी जिफार या फ्रेंच इंजिनियरने १८५८ साली शोधलेलं हे यंत्र मला आजही जादूसारखं वाटतं. एकही हलतं चाक नसताना, बॉयलरचीच वाफ वापरून ते त्याच बॉयलरमध्ये दाबाविरुद्ध पाणी ढकलतं. वाफ अतिवेगाने नळीतून सुटते, थंड पाण्याला भेटून विरते आणि आपला वेग पाण्याला देऊन जाते. तो वेग पुढे दाबात बदलतो. नीट लागला की आवाज बदलून एक स्थिर गुणगुण ऐकू येते आणि खालून गळणारं पाणी थांबतं.

बसायचं कुठे

इंजिनामागच्या पहिल्या डब्यात आवाज सगळ्यात चांगला आणि काजळीही सगळ्यात जास्त. शेवटच्या डब्यात वळणावर अख्खी गाडी दिसते. म्हणून जाताना पुढे आणि येताना मागे बसा. छोट्या मुलांना पहिल्यांदा मागेच बसवा. जादा वाफ सोडणारा सेफ्टी वॉल्व्ह उडतो तेव्हाचा आवाज खरोखर मोठा असतो आणि मूल घाबरलं तर पूर्ण सफर रडण्यात जाते. त्याला आधीच सांगून ठेवावं, ‘आता जोरात आवाज होणार आहे, कान झाक.’

हात आणि डोकं बाहेर काढू नका. ही सूचना सगळीकडे असते, पण नॅरोगेजवर तिला विशेष अर्थ आहे: पूल, कातळ, झाडं अगदी डब्याला खेटून जातात. टॅलिलिनचे पूल बांधताना इतके अरुंद झाले, की १८६६ मध्ये सरकारी तपासनिसाने हरकत घेतली. तोडगा म्हणून डब्यांची एका बाजूची दारं कायमची बंद केली आणि पुलांखालचे रूळ थोडे बाजूला सरकवले. तिथले डबे आजही एकाच बाजूने उघडतात.

धावत्या गाडीत काय ऐकायचं, काय बघायचं

गाडी हलताना इंजिनाच्या खालून दोन्ही बाजूंना वाफेचे लोट सुटतात. फोटोसाठी केलेला तो देखावा नव्हे. थांबलेल्या सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी झालेलं असतं, आणि पाणी दाबलं जात नाही. ते तसंच राहिलं तर पिस्टनने सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. म्हणून खालचे नळ उघडे ठेवून ते बाहेर काढतात.

मग भक्-भक् सुरू होते. दोन सिलिंडरच्या इंजिनात चालकचाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके. काम झालेली वाफ धुराड्यातून जोरात बाहेर पडते आणि जाताना भट्टीतली गरम हवा नळ्यांमधून ओढून घेते. म्हणजे इंजिन जितकं कष्ट करील तितकी आग आपोआप भडकते. चढावर ठोके जड आणि सावकाश होतात, उतारावर वाफ बंद केली की फक्त दांड्यांचा खणखणाट उरतो. ठोके सारख्या अंतराने पडत नसतील तर वाफ सोडणारे झडप जरा जागचे हलले आहेत, असं जाणकार कानाने ओळखतात. दोन-तीन भेटींनंतर तुम्हालाही कळायला लागेल.

धुराचा रंग बघा. दाट काळा धूर म्हणजे कोळसा जास्त, हवा कमी. चांगल्या फायरमनच्या आगीतून फिकट राखाडी धूर निघतो, तो थोडा थोडा कोळसा पसरून टाकत राहतो. फोटो काढणाऱ्यांना काळे ढग आवडतात, पण फायरमनला ते कमीपणाचे वाटतात.

एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून ड्रायव्हरकडे त्या टप्प्याची एक काठी किंवा टोकन असतं. एका टप्प्याला एका वेळी एकच टोकन बाहेर निघतं, आणि ते हातात नसेल तर गाडी पुढे जाऊ शकत नाही. क्रॉसिंगच्या स्टेशनवर दोन ड्रायव्हर ते एकमेकांना देतात, तेव्हा खिडकीशी तयार राहा. दोन सेकंदांत आटपतं.

वाटेत इंजिन पाणी घ्यायला थांबलं तर गार्डला विचारून उतरा. लहान टाक्यांच्या इंजिनाला असा थांबा घ्यावाच लागतो.

दुसऱ्या टोकाला खाली उतरा

इथे लोक डब्यातच बसून राहतात, हे मला बघवत नाही. खाली उतरून इंजिनापर्यंत चालत जा. फायरमन इंजिन आणि डब्यामधली जोडणी (कपलिंग) सोडतो, इंजिन बाजूच्या रुळावरून फिरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला येतं, कोणीतरी हाताने रूळ बदलायचा खटका टाकतं. ड्रायव्हर खाली उतरून बेअरिंगजवळ हाताची मागची बाजू टेकवतो, तापलंय का ते बघायला. हाताची मागची बाजू अशासाठी, की भाजलं तरी तळहात कामाला शाबूत राहतो.

इंजिनाला बहुधा गोल फिरवत नाहीत, त्यामुळे येताना ते उलटं धावतं. चढाच्या मार्गावर धुराड्याचं तोंड सहसा चढाकडेच ठेवतात. चढावर बॉयलर मागे कलतो, पाणी मागच्या भट्टीकडे सरकतं आणि तिचं छत झाकलेलं राहतं.

गप्पा मारायची वेळ हीच. गाडी सुटायच्या आधीची पाच मिनिटं फायरमनला हाक मारू नका. मी एकदा नेमकी तेव्हा मारली होती. त्याने हसून उत्तर दिलं, पण त्या नादात त्याचा एक फावडा कोळसा टाकायचा राहिला आणि ड्रायव्हरने त्याच्याकडे पाहिलं, ते मी विसरलेलो नाही. इंजिन फिरवून झालं, पाण्याची काच भरली, की मग विचारा. ‘हे किती जुनं?’ या प्रश्नाचं उत्तर पाटीवर लिहिलेलं असतं. त्यापेक्षा विचारा: यातला मूळचा भाग कोणता उरलाय? मागचं ओव्हरहॉल कधी झालं? बॉयलर कोणी बनवला? तुम्ही क्लीनर म्हणून किती वर्षं काढली? इथे प्रत्येक जण क्लीनरपासून सुरुवात करतो, मग फायरमन, मग परीक्षा देऊन ड्रायव्हर, आणि त्यात वर्षं जातात. आठवडाभर हिशेब लिहिणारा किंवा शाळेत शिकवणारा माणूस रविवारी पहाटे राख उपसायला का येतो, हे त्याच्या तोंडून ऐकण्यासारखं असतं.

पैसे कुठे खर्च करावेत

दिवसभर कितीही फेऱ्या मारता येणारं तिकीट असेल तर तेच घ्या. फरक थोडा असतो आणि एक फेरी बसून, दुसरी बाहेरून बघता येते. बॉयलर ठरावीक वर्षांनी पूर्ण उघडून तपासावा लागतो, ब्रिटनमध्ये साधारण दहा वर्षांनी, आणि तो खर्च तिकिटांच्या पैशातून निघत नाही. चहा-खाणं तिथल्याच कँटीनमध्ये घ्या, जुनी मासिकं घ्या, दानपेटीत काही न टाकता पुढे जाऊ नका. जवळपास राहत असाल तर सभासद व्हा.

फोटोसाठी रुळाच्या कडेने चालत जाऊ नका. गाडी धावत असलेल्या मार्गावर परवानगीशिवाय माणूस दिसला की ड्रायव्हरला गाडी थांबवावी लागते. रस्ता ओलांडतो ते फाटक, पूल, स्टेशनचं टोक एवढ्या जागा पुरतात. चढाच्या बाजूला थांबा, ऊन तुमच्या पाठीशी असू द्या, आणि गाडी दिसायच्या आधी आवाजावर लक्ष ठेवा.

शेवटची गाडी आल्यावर थांबा

जमलं तर तासभर. इंजिन खड्ड्यावर आणतात, आग खाली पाडतात, लाल निखाऱ्यांवर पाणी मारतात, पुढचं गोल दार उघडून दिवसभराची काजळी फावड्याने काढतात. बॉयलर पाण्याने भरून ठेवतात. इंजिन सकाळपर्यंत कोमट राहतं. कोणी विचारलं, ‘हात लावणार का?’ तर नाही म्हणू नका. मला पहिल्यांदा कापसाचा बोळा आणि एक चाक मिळालं होतं. आरे एकामागून एक पुसायला अर्धा तास लागला.

हे काम आवडलं तर कामाच्या दिवसांची चौकशी करून या. हंगाम संपल्यावर गाड्या नसतात, पण स्लीपर बदलणं, खडी ठोकणं, झुडपं कापणं, डबे रंगवणं चालूच असतं. अनुभव लागत नाही. लोखंडी टोकाचे बूट, जाड हातमोजे आणि जुने कपडे लागतात, बाकी तिथलेच लोक शिकवतात.

घरी आल्यावर काजळीचे कपडे लगेच पाण्यात टाकू नका आणि डाग चोळू नका, चोळल्याने तो धाग्यात शिरतो. आधी बाहेर कोरडेच झटका, मग साबणाच्या पाण्यात वेगळे भिजवा.